उभ्या गाडीचं रबर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला सक्त मनाई केली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून गाडी बिल्डिंगखाली उभी आहे आणि किल्ली माझ्या कपाटात. तरी काल सकाळी बाबांनी फर्मान सोडलं, "वायपरची रबरं बदलून घे. काच फार धुरकट राहते."

उभ्या गाडीचे कसले लाड, असं मनात आलं. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने पात्यांतून जुनी रबरं ओढून काढली आणि त्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"साहेब, उभ्या गाडीचं रबर उन्हाने तडकतं. हे तडकलेलं नाही, झिजलंय. पावसात गाडी चांगली पळालेली दिसते."

माझ्या कपाटाला माझ्याशिवाय हात लावते ती फक्त आई.

धावत वर गेलो. मला पाहताच बाबांना खुर्चीतच गाढ झोप लागली. आई खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, अगं, बाबांना चार हातांवरचा माणूस दिसत नाही! किल्ली कशी दिलीस तू? समोर एखादं पोर आलं असतं म्हणजे?"

"ओरडू नकोस, झोपलेत ते," आई शांतपणे म्हणाली.

"आणि एकटं सोडते का मी त्यांना? शेजारी बसून समोर काय आलं, सिग्नल लाल की हिरवा, सगळं सांगत असते."