वेळेवर बस हवी

अकराला पाच मिनिटं कमी होती आणि बस जागची हलत नव्हती. अकराला कॉलेजात निवडणुकीचा वादविवाद होता; गैरहजर उमेदवार बाद.

“कंडक्टरताई, माझं राजकीय भवितव्य तुमच्या हातात आहे.”

“माझ्या हातात तिकिटं आहेत. पुढं रास्ता रोको आहे, जाऊन बघा.”

रस्त्यावर आमच्याच लॉ कॉलेजची पन्नासेक मुलं बसली होती. मधोमध माझी प्रतिस्पर्धी ऋजुता, हातात फलक: ‘बस वेळेवर हवी!’

“बस आलीय. तुझ्यामागंच उभी आहे.”

“कितीची?”

“सव्वादहाची.”

“बघा, चाळीस मिनिटं उशीर!” घोषणा वाढल्या.

“अगं, तूच अडवलीस! आणि अकराला तूही बाद होणार.”

ऋजुतानं घड्याळ पाहिलं. पुढच्या क्षणी सगळं आंदोलन बसच्या दारात अडकलं होतं.

“पुढं सरका,” कंडक्टरताई म्हणाल्या. दोन्ही पक्ष निमूट सरकले.

अकरा दहाला पोहोचलो, दोघंही बाद झालो. मुलांनी एकमतानं कंडक्टरताईंनाच निवडणुकीला उभं केलं. अर्जात ‘वर्ग’ या रकान्यात त्यांनी बसचा नंबर लिहिला. ऋजुता आणि मी हरकत घ्यायला एकदमच उठलो.

“बसून घ्या,” त्या म्हणाल्या.

आम्ही बसलो.