बावन्न पाकिटं

"पावाचे पैसे लिहिलेस, बसचे लिहिलेस. मग चॅपलचे कुठे गेले?" नेरिसने मारेदची वही उलटीसुलटी करून पाहिली.

मारेदने मान खाली घातली. "दिलेच नाहीत, बाई. गेल्या नाताळात लाँड्री बंद पडली, माझं काम गेलं. यंदा एकही पाकीट गेलेलं नाही."

बेथानिया चॅपलच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी नेरिसचा वर्ग भरायचा. घरखर्च कसा आखायचा, हप्त्यांच्या फासातून कसं सुटायचं, विजेचं बिल कसं वाचायचं. नऊ-दहा माणसं यायची. फळा नव्हता. होती ती नेरिसच्या आईची जुनी वही, पाटीच्या दगडाची खाण बंद पडली त्या वर्षीची. वडील घरी बसलेले, मुलं चार, आई शाळेत फरशा पुसायची. तरी काडेपेटीपासून बुटाच्या तळव्यापर्यंत पेनी न् पेनी तिने लिहून ठेवली होती. नेरिस वर्गात त्यातलं मार्चचं पान दाखवायची. ते सगळ्यात नीट होतं.

"त्या वर्षीच्या चॅपलच्या छापील अहवालातसुद्धा माझ्या आईच्या नावापुढे चोवीस पौंड आहेत," ती म्हणाली. "लिहायची सवय असली की सगळ्याला पुरतं."

"म्हणजे आम्हाला पुरत नाही ते आमचं अक्षर वाईट म्हणून होय?" ग्रिफ कोपऱ्यातून म्हणाला. तो जन्मभर बस चालवून आता घरी बसला होता. सगळे हसले. मारेद हसली नाही.

चॅपलची रीतच तशी होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक सभासदाला बावन्न पाकिटं मिळायची. दर रविवारी एक भरून थाळीत टाकायचं. वर्ष सरलं की अहवाल छापून यायचा. त्यात प्रत्येकाचं नाव आणि पुढे वर्षाची रक्कम. ज्याने काहीच दिलं नाही, त्याच्या नावापुढे रेघ.

"रेघ छापून यायच्या आत मी नाव काढून घेते," मारेद म्हणाली. "सासू वाचेल, शाळेच्या फाटकावरच्या बाया वाचतील. पोरगी इथे गायला शिकतेय, जीव रमतो तिचा. पण ती रेघ नको, बाई."

"तू कुठेही जायचं नाहीस. मी बोलते त्याच्याशी."

तो म्हणजे खजिनदार टुडवल. चाळीस वर्षं तिजोरीची किल्ली त्याच्याकडे. खाणीच्या कचेरीत कारकून होता. लग्न केलं नाही. स्वतःचं घर, चांगलं पेन्शन, आणि अंगात वर्षानुवर्षं तोच कोट. रविवारची पाकिटं तो आतल्या खोलीत एकटाच मोजायचा, दाराला कडी लावून. अहवालात त्याच्या नावापुढे दर वर्षी दोन पौंड. फक्त दोन.

"पायातले मोजेसुद्धा माझ्या आईने विणलेले," नेरिस कुणालाही सांगायची. "दर नाताळला एक जोड. लोकरीचे पैसे तरी कधी विचारले का मेल्याने?"

वर्ग सुटताना टुडवल हीटर बंद करायला आला, तेव्हा तिने त्याला गाठलं.

"मिस्टर टुडवल, यंदा नावं छापू नका."

"छापायचीच, पोरी."

"गरिबाची अब्रू वेशीवर टांगायला?"

त्याने वाकून बटण बंद केलं. "डॉक्टरांच्या नावाखाली झाडूवालीचं नाव येतं, सारख्याच अक्षरात. गावात अशी दुसरी जागा दाखव मला."

"आणि त्यापुढची रेघ?"

"रेघेची काळजी तुला कशाला?" तो म्हणाला आणि निघून गेला.

नेरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वार्षिक सभेच्या रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन भाकरीवर होतं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, शब्दांना चाल लागली, वाक्यं गाणं होऊन छताला भिडली. असं झालं की देव दोन बाकं पुढे सरकून बसतो. ग्रिफसुद्धा डोळे पुसत होता. आणि टुडवल? तो बाकांवरून नजर फिरवत डोकी मोजत होता!

चहानंतर अहवालाचे गठ्ठे सुटले. नेरिस आईची वही घेऊन उभी राहिली.

"अहवाल वाचण्याआधी माझं ऐका. ज्याचं स्वतःचं घर आहे तो देवाला वर्षाचे दोन पौंड देतो, आणि ज्यांच्या चुलीत कोळसा नाही त्यांच्या रेघा छापतो! चोवीस पौंड कशातून निघतात ते आज ऐकाच."

"नेरिस, वही मीट," टुडवल हळूच म्हणाला. "घरी जाऊन बघ."

"का? लाज वाटते?"

"वाचू द्या की तिला," ग्रिफ म्हणाला. "चाळीस वर्षं तुमचा आकडा वाचतोयच आम्ही."

नेरिसने पहिलं पान उघडलं. "जानेवारी. कोळसा. पाव. पोराच्या बुटाचे तळवे. पोस्टाचं तिकीट, एक." तिने पान उलटलं. "फेब्रुवारी. पीठ. दिव्याची वात. खोकल्याचं औषध." तिने आणखी पान उलटलं. मार्च. मे. बटणं, साबण, शाळेच्या सहलीचे अर्धे पैसे. तिचं बोट ओळींवरून भरभर फिरू लागलं. आवाज मात्र बारीक होत गेला. ऑक्टोबर. नोव्हेंबर. चॅपलच्या पैशांची ओळ कुठल्याच महिन्यात नव्हती.

"डिसेंबर," ती पुटपुटली. "करड्या लोकरीचे दोन गुंडे. मिस्टर टुडवलसाठी."

त्याखाली पान कोरं होतं.

मारेद उठून टेबलापाशी आली. तिच्या एका हातात उघडा अहवाल होता, अंगठा तिच्या नावापाशी. पुढे छापलं होतं, तीस पौंड. दुसऱ्या हाताने तिने पर्समधून पाकिटांचा गठ्ठा काढला आणि नेरिसच्या वहीवर ठेवला. बावन्नच्या बावन्न, रबरबँडसुद्धा न काढलेली.