आठपदरीचा इतिहास

फोटो झकास यावा म्हणून मंडळाचे अध्यक्ष अमरसिंहराव स्वतःच खांबाला पाठ लावून उभे राहिले. डोक्यावर फेटा, छातीशी धरलेला 'आठपदरी' मासिकाचा रौप्यमहोत्सवी अंक. खांबाच्या टोकाला आठ रंगांचे आठ दोर, एकेक दोर एकेका बाईच्या हातात.

"माझ्याभोवतीच विणा गोफ," ते म्हणाले. "पुढच्या अंकाला कव्हरवर घेऊ."

उमरग्याचा हॉल बायकांनी गच्च भरला होता. तामलवाडीपासून येडशीपर्यंत जिथं जिथं गोफ खेळतात, तिथल्या सगळ्या आल्या होत्या. मासिकच गोफाचं. नवी वीण कशी घालायची, कुणाचा मेळ कुठं खेळला, कोण खेळताना पाय चुकून आपटलं, सगळं त्यात.

अंक नुकताच वाटून झाला होता. पहिल्याच पानावर मासिकाचा इतिहास. नागम्मानं तो विंगेत उभ्या उभ्या वाचला. संस्थापक अमरसिंहराव. संपादक अमरसिंहराव. पायपीट अमरसिंहरावांची, घाम पण त्यांचाच. तिचं नाव सापडलं ते पार शेवटी, आभारात. मंडपवाला आणि चहावाला यांच्या मधी.

मासिक तिनं काढलं होतं. तिची कानशिलं तापली.

पिवळा दोर धरलेली उमाबाई तिच्याकडं बघत होती. तिनंही अंक वाचला होता. "अक्का, काय करायचं? खेळायचं का दोर टाकून घरी जायचं?"

"खेळायचं," नागम्मा म्हणाली. "चांगलं घट्ट खेळायचं."

गोफाला हाक लागते. हाक देणारी पुढं म्हणाली की बायका पुढं, मागं म्हणाली की मागं. हाकेशिवाय कुणी पाऊल उचलत नाही, नाहीतर नुसता गुंता. नागम्माची हाक कानडी.

"मुंदे!" म्हणजे पुढं.

हलगी कडाडली. बायका एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून फिरायला लागल्या. दोर फेट्यावरनं घसरून खांद्यावर आले. मग छातीवर. मग कोपरांवर. अमरसिंहराव फोटोवाल्याकडं बघून हसत होते. वीण कमरेला पोचली तेव्हा हात अंगाला चिकटले होते आणि अंक छातीला.

नागम्मानं हात वर केला. हलगी थांबली, बायका थांबल्या.

"झाला फोटो," अमरसिंहराव म्हणाले. "घ्या आता सोडवून."

"घेते की." नागम्मानं स्टँडवरचा माइक काढला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. "आधी सांगा, मासिक काढलं कुणी?"

"बाई, ही काय चेष्टा करायची येळ हाय का?"

"चेष्टा तर अंकात झाली. मासिक कुणी काढलं?"

"आपण सगळ्यांनी मिळून."

"मुंदे!"

आठीजणी एक वेढा पुढं गेल्या. उमाबाईनं आपला दोर जरा जास्तच ओढला. हॉलमध्ये खसखस पिकली.

"ओ, ओ! तुम्ही. तुम्ही काढलं!"

"तुम्ही म्हंजे कोण? नाव हाय मला."

"नागम्माबाईंनी काढलं."

"हिंदे!"

बायका मागं सरल्या. वेढा सुटला.

"पहिलं अंक हातानं कुणी लिहिलं?"

"तुम्हीच."

"हिंदे! अन गठ्ठं घेऊन यष्टीनं गावोगाव कोण हिंडलं?"

"तुम्ही अन ही उमाबाई."

"व्हय का गं उमे?"

"व्हय तर!" उमाबाई ओरडली. "ह्यांची तर ढेरीबी यष्टीत मावली नसती."

"हिंदे!"

कोपरं मोकळी झाली. अंक खाली पडला. उचलायला कुणी पुढं आलं नाही.

अमरसिंहरावांनी माइकपासून तोंड बाजूला घेतलं. "नागम्माबाई, लोक बघायलेत."

"बघू द्या. इतकी वर्सं वाचायलेत, आज बघतील."

"बरं, सोडवा एवढं. पुढच्या अंकात दुरुस्ती टाकतो. बारकी चौकट."

"बारकी?" नागम्माचा आवाज फाटला. "ओ अमरसिंहराव, धाकटी पोटात असताना म्या पहिला अंक लिहिला. बाजंवर पडून दुसरा. सासूनं कागद चुलीत घातलं, पुन्हा बसून लिहिलं. नवरा म्हणायचा, ते दोर दे इकडं, म्हशीला तरी व्हतील. तवा तुमी कुठं व्हता? अन आज म्या चहावाल्याच्या शेजारी?"

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरचा अंक उलटा करून खाली ठेवला. मग तिच्या शेजारणीनं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला होता, तो पुन्हा डोळ्याला लावला.

नागम्मानं माइक परत त्यांच्या तोंडापुढं नेला.

"शेवटचं विचारते. पहिल्या पानावर तुमचं नाव कुणी घातलं?"

खांद्यांवरचे वेढे तेवढे उरले होते. अमरसिंहरावांनी बायकांकडं पाहिलं. फोटोवाल्याकडं पाहिलं. फेटा कपाळावर घसरला होता, त्याच्याखालून घामाची धार नाकावर आली. हात मोकळा होता, पण पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"छापखान्याची चूक हाय," ते म्हणाले.

नागम्मानं तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल ओरडला, "मुंदे!"