प्रश्न चौतिसावा

"नेतृत्व, शंभरपैकी अकरा," सुनेत्राने वाचून दाखवलं.

नूरुद्दीनने मान डोलावली. जणू शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकत होता. पण बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना तो इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला होता, हे सुनेत्राने पाहिलं होतं.

सौदीच्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या गोदामात नऊ वर्षं काढलेला हा दापोलीचा स्टोअरकीपर. ती जेद्दाच्या मुख्य कार्यालयातून आलेली. कंपनीने सगळ्यांची वर्तन आणि प्रेरणा चाचणी घेतली होती. साठ प्रश्न. माणसाच्या आत काय दडलंय ते ओळखून त्याचा विकास करायचा, असं फॉर्मच्या माथ्यावरच छापलं होतं. विकासासोबत गोदामाचा सुपरवायझरही ठरणार होता. ती खुर्ची आठ महिने रिकामी होती.

"अनिमेषला चौऱ्याण्णव," ती म्हणाली. अनिमेष पुण्याचा इंजिनिअर. येऊन सहा महिने झाले होते.

"हुशार पोरगा आहे," नूरुद्दीन म्हणाला. मनापासून म्हणाला, हीच पंचाईत.

"चाचा, तुम्ही चौतिसावा प्रश्न कोरा सोडलात. 'अडचण आली की तुम्ही कोणाकडे जाता?' मशीनने तिथेच गुण कापले. शिफारस आलीय, तुम्हाला मदत मागायला शिकवावं. दोन दिवसांचं प्रशिक्षण."

"जेवण असतं का त्यात?"

सुनेत्रा हसली नाही. तिने कामगारांच्या फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. एकतीस फॉर्म. चौतिसाव्या प्रश्नाला एकतीस वेळा एकच उत्तर: सुपरवायझर. एकतीस वेळा एकच अक्षर.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच. त्यांना इंग्रजी येत नाही. मी हिंदीत विचारलं, ते बोलले, मी लिहिलं."

"पण सुपरवायझर तर नाहीच आहे, चाचा! मग हे लोक आठ महिने जातात कोणाकडे?"

नूरुद्दीनने शर्टाची बाही नीट केली. दारात हारून फोर्कलिफ्टची चावी बोटावर फिरवत उभा होता. गुहागरचा माणूस, त्याला गप्प बसवणं कठीण.

"मॅडम, आम्ही तर नाव सांगितलं होतं. हुद्दा ह्यांनी घातला."

"कोणाचं नाव?"

"कोणाचं काय? इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना संपला, दाढ दुखली, मशीन अडली, बायको रुसली, जायचं कोणाकडे? नूरुद्दीनभाईंकडे! माझी बायको तर थेट ह्यांनाच फोन करते."

"हारून, यल्ला, चल, ट्रक उभा आहे," नूरुद्दीन म्हणाला.

"चाचा, खरं सांगा."

"आता मॅडम, स्वतःच्या हाताने एकतीस वेळा स्वतःचं नाव कसं लिहायचं? मुख्य कार्यालयात म्हणाले असते, ह्याने पोरांना चहा पाजला. म्हटलं, माणसाचं राहू दे, हुद्दा लिहू."

सुनेत्राने अनिमेषचा फॉर्म काढला. चौऱ्याण्णव गुणांचा. त्याने तो स्वतःच भरला होता, सुबक इंग्रजीत. चौतिसाव्या प्रश्नापुढे दोनच शब्द होते: नूरुद्दीन चाचा.

तिने तो फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. नूरुद्दीनने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून वाचलं. इस्त्रीच्या शर्टातली छाती इंचभर वर आली.

सुनेत्राने सुपरवायझरच्या शिफारसपत्रावर त्याचं नाव लिहिलं. मग त्याचा फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

"चौतिसावा भरून द्या, चाचा. कोरा चालत नाही. अडचण आली की तुम्ही कोणाकडे जाता?"

नूरुद्दीनने पेन उघडलं, थोडा विचार केला आणि सावकाश लिहिलं:

"कुठे जात नाही. इथेच असतो."