अकरावा दगड

टेबलावर स्कॉटलंडमधल्या थर्सोच्या खाणीतले अकरा दगड होते. फोडलेल्या दहांत दगड झालेले मासे निघाले, पण त्यांना लंडनच्या प्राध्यापकांनी आधीच नावं दिली होती. अकराव्यात नवा निघाला, तरच मर्डोसाहेबांच्या वीस वर्षांना अर्थ होता.

"मर्डो, नाव त्यांचं आणि धूळ माझ्या घरात!" त्यांची बहीण इझोबेल म्हणाली.

साहेबांचा मदतनीस म्हणून मीच हातोडा मारला. मासा नवाच होता. पण फुटलेल्या दगडाच्या दोन अर्ध्यांतले ठसे आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलट हवेत. इथे दोन्ही तोंडं डावीकडे होती.

"मीच कोरलाय म्हणतील मेले," साहेब पुटपुटले. "मोज. मग जोडून पुन्हा उघड."

उजव्या अर्ध्यात माशाच्या तोंडापासून डाव्या कडेपर्यंत दोन इंच भरले. दोन्ही अर्धे जोडले, उघडले, पट्टी लावली. तोंडापासून त्याच कडेपर्यंत आता पाव इंच.