व्हय साहेब

या, जरा जवळ सरका. टाळ खाली ठेवा, मांडी घाला. हरिकथेच्या आधी आज एक माणसांची गोष्ट ऐका. पदरात काही पडल्याशिवाय उठायचं न्हाई.

अणशीच्या अलीकडं, रानात, पाहुण्यांसाठी तंबूंचा एक कॅम्प आहे. बेळगावचा सुदेश तिथला मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. कामगाराचं पोर तापानं फणफणलं तर स्वतःच्या गाडीतून जोयड्याच्या दवाखान्यात न्यायचा. फक्त एकच होतं. "व्हय साहेब" म्हणणारा त्याला आपला वाटायचा.

मग काय, सगळेच म्हणायचे. जीप चालवणाऱ्या झिलूला त्यानं विचारावं, "ब्रेक ठीक हायत न्हवं?" झिलूनं म्हणावं, "व्हय साहेब." आणि दुपारी तोच झिलू घाटात चाकाखाली धोंडा लावून बसलेला सापडावा.

"ठीक हायत म्हणालास ना रे?"

"व्हय साहेब. म्हणालो."

न्हाई म्हणणारी एकच, स्वयंपाकघरातली ताराबाय. उद्या इडली कर म्हटलं, तर न्हाई, या थंडीत पीठ फुगणार न्हाई. चहात आलं घाल म्हटलं, तरी न्हाईच.

"मावशे, लग्नातबी न्हाईच म्हणालीस काय गं?" झिलू चिडवायचा.

"म्हणाले की! आयकलं कुणी?"

परवा मात्र कहर झाला. सुदेशनं पाहुण्यांना नदीकाठी जेवण कबूल केलं. ताराबायनं त्यांच्या देखतच सांगितलं, "न्हाई सायबा. सांजेला तिथं गवे पाण्यावर येतात." पाहुणे फुरंगटून शेडमध्येच जेवले. आणि त्या दिवशी एकही गवा फिरकला नाही.

सुदेशनं ठरवलं, हिला काढायचं. पण कॅम्पच्या मालकीणबाई, रामनगरच्या अनुसयाआक्का, यांचा एक नेम होता. माणूस काढायचा तर त्यांच्यापुढं, सगळ्यांच्या देखत.

आक्का आल्या. शेडमध्ये सगळे जमले. ताराबायची लेक कारवारला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईची नोकरी सुटली की लेकीचं शिक्षण सुटलं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"ताराबायला काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," सुदेश म्हणाला.

झिलूनं मान खाली घातली, पण हात वर गेला. पाहुण्यांना रान दाखवणाऱ्या शिवानंदाचा गेला. तंबू झाडणाऱ्यांचे गेले. ताराबायच्या शेजारी बसून रोज तांदूळ निवडणारी मनीषा, तिनं एका हातानं डोळे पुसले आणि दुसरा वर केला.

ताराबाय मागच्या बाकावर बसून होती.

"एकमत हाय, आक्का," सुदेश म्हणाला.

"दिसलं की. वळण झकास लावलंयस." आक्कांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "आता माझंबी एक विचारते. मला वाटतं, ह्या सुदेशलाच काढावं. पटतंय त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. मघाचेच, मघासारखेच, न अडखळता. सुदेश एकेकाकडं बघत राहिला. झिलू. शिवानंद. मनीषा.

आक्का मात्र त्याच्याकडंच बघत होत्या. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्याचा स्वतःचाही हात वर होता.

"म्हणजे हितंबी एकमतच," आक्का म्हणाल्या.

"न्हाई."

सगळ्या माना मागं वळल्या.

"माझा खाली हाय," ताराबाय म्हणाली. "त्याला कशाला काढताय? माणूस बरा हाय. शिकवला तर शिकंल."

मायबापांनो, आता देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या ताराबायची तेवढी आठवण ठेवा.