मोबाइलमधली डॉक्टरीण

“डॉक्टरचा हात या छातीला लागेल तो मी मेल्यावरच!” तुर्गुनबायआबांनी अंगणातून साऱ्या डोंगराला ऐकवलं. मग तांबड्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा आवळायला वाकले आणि धापा टाकत दगडावर बसले. घोड्यानं मान वळवून पाहिलं. त्याला हे नवीन नव्हतं.

सून बुरुल चुलीपाशी होती. नवरा मॉस्कोत, सासू गेलेली. म्हातारा डोळ्यांदेखत हातचा जाणार हे तिला दिसत होतं. पण सांगणार कसं? त्या गावात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्यापुढे आवाज काढत नाही. नऊ वर्षं ती मानेनंच बोलत आली होती.

मोबाइलला मात्र सासरा नसतो. नारीन शहरातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टर नूरझात रोज नवा व्हिडिओ टाकायच्या. “चार पावलांत दम लागतो? आजच या!” बुरुलनं तो सकाळच्या चहाला पडद्याआडून मोठ्यानं लावला. आबांनी निवांत पाव बुडवून खाल्ला.

मग मात्र ती इरेला पेटली. व्हिडिओ संपला की तोच सूर लावून पुढचं स्वतःच म्हणू लागली, “आणि तांबड्या घोड्याचे आजोबा, पट्टा आवळताना खाली बसता ना? तुम्हीपण या!”

“गप्प कर गं त्या बाईला,” आबा ओरडायचे. बुरुल आवाज वाढवायची. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आबांना हेकट म्हणाल्या. तिसऱ्यात, ‘तुमच्यापेक्षा घोड्याला अक्कल जास्त,’ असंही.

विसाव्या दिवशी आबांनी टोपी चढवली. “चल. बघतोच त्या बाईला.”

दवाखान्यात बुरुल दाराबाहेर थांबली. दार अर्धवट उघडं होतं.

“आबा, वेळेत आलात. औषधावर निभावेल,” हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर म्हणाल्या. “महिनाभरानं आला असतात तर काही खरं नव्हतं. माझा कुठला व्हिडिओ पाहिलात?”

“तांबड्या घोड्याचा.”

“घोड्याचा? असा व्हिडिओ मी केलाच नाही!”

बुरुलनं डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबला.

“ठाऊक आहे. आवाज सुनेचा होता,” आबा म्हणाले. “तो ऐकला त्याच दिवशी निघणार होतो. पण निघालो असतो, तर पोरगी परत मुकी झाली असती.”

आबा खाकरले.

“बाई, एक काम कराल? पुढच्या व्हिडिओत एवढं म्हणा, सुनांनी सासऱ्याशी समोर बसून बोललं तरी चालतं. मला सांगायला लाज वाटते.”